विक्रेत्याचे मौन

मुंबईहून गोव्याकडे निघालेला प्रवासी हातखंब्याच्या तिठ्यावर आला की त्याला वाट निवडावी लागते. एक रस्ता पाली, लांजा, राजापूर करीत गोव्याकडे जातो. दुसरा पश्चिमेस वळून बारा-चौदा किलोमीटरांवरच्या रत्नागिरीस, समुद्राशी जाऊन थांबतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात ह्या तिठ्याचे रूप पालटले आहे. तरी एस. टी.ची वाट पाहत आम्ही येथे जे तास काढले त्यांची आठवण ताजी आहे. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेने हापूस आंब्याचे, काजूगरांचे, आंबापोळी-फणसपोळीचे, कोकम सरबताचे स्टॉल लागतात. मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबतात, काचा खाली होतात, भाव विचारला जातो, डझन-दोन डझन घेतले जातात आणि पाच मिनिटांत गाडी दिसेनाशी होते. तीच गाडी पुन्हा त्याच स्टॉलसमोर थांबण्याचा संभव फार थोडा. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

२०१९ च्या एप्रिल महिन्यात अशाच एका स्टॉलच्या सावलीला आम्ही टेकलो होतो. स्टॉल ओळखीच्या बागायतदाराचा. वडील जेवायला गेलेले आणि मुलगा आंब्यांच्या राशीमागे पुस्तक उघडून बसलेला. तो रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात बी. एम. एस., म्हणजे व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. परीक्षा तोंडावर आली होती. आम्हांला पाहून त्याने पुस्तक मिटले.

"फादर, एक विचारू? परीक्षेतलं नाही."

"विचार की."

"काल घरी ह्याच खेपेतले बारा आंबे कापले. चारांत साका निघाला. बाबांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आता गाडीतून कोणी उतरलं तर त्यांना हे सांगायचं का?"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. साका हा हापूसचा अंतर्गत दोष. साल केशरी, वास घमघमीत, देठ ताजा, आणि आतला गर मात्र काही ठिकाणी पांढुरका, भुसभुशीत, आंबट. झाडावरच जास्त पक्व होऊ दिलेल्या फळांत त्याचे प्रमाण वाढते, हे बागायतदारास अनुभवाने ठाऊक असते. पण समोरच्या फळात तो आहे की नाही हे फळ कापल्यावाचून कोणीही डोळ्यांनी सांगू शकत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही साका नसलेली जात दिली. तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी नाव हापूसचेच असते.

आम्ही चटकन म्हणालो, "सांगायला हवं."

"का?"

उत्तर सोपे वाटले होते, पण ह्या एका अक्षरापाशी आम्ही अडखळलो. प्रामाणिकपणा, खरेपणा असे काही पुटपुटलो. तो नम्रपणे ऐकत होता. त्याचे समाधान झाले नाही हे दिसत होते. शेवटी आम्हीच त्याला उलट विचारले, "तीन वर्षं तू व्यापारच शिकतोयस ना? तुझ्या पुस्तकांत ह्याचं उत्तर काय आहे?" तो हसला. "शोधावं लागेल, फादर." परीक्षा आटोपल्यावर त्याने पिशवीभर पुस्तके आमच्याकडे आणून टाकली आणि आम्ही ती महिनाभर वाचली.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत वाणिज्य शाखेविषयी आमच्या मनात एक सूक्ष्म तुच्छता होती. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकणाऱ्यांना आपण काही वरच्या पायरीवर उभे आहोत असे वाटे. कॉमर्सला गेलेला मुलगा म्हणजे पैशाच्या मागे गेलेला, असा आमचा हिशेब. ह्या विद्येचा आपल्याकडील इतिहासही आम्हांला ठाऊक नव्हता. मुंबईचे सिडनॅम महाविद्यालय १९१३ साली सुरू झाले, ते वाणिज्य शिक्षणासाठी आशियात निघालेले पहिले महाविद्यालय. आणि १९१८ ते १९२० ह्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. बी. कॉम.च्या जोडीला व्यवस्थापनाची स्वतंत्र पदवी मुंबई विद्यापीठात आली ती गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस. (पुढे २०२४ मध्ये ह्या पदव्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियम आणि राज्याची प्रवेशपरीक्षा लागू झाली, तेव्हा काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून तो 'बी. कॉम.'च्या छत्राखाली नेला. पेटीवरचे लेबल बदलले की आतला माल कोणत्या नियमाखाली येतो तेही बदलते, हा धडा विद्यार्थ्यांना फुकटात मिळाला. असो.)

तर त्या पिशवीत काय होते? पहिल्या वर्षी लेखाशास्त्र, व्यवसायविषयक कायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यावसायिक पत्रव्यवहार; पुढे विपणन, व्यवस्थापनाची तत्त्वे, उत्पादन आणि गुणवत्ता, संशोधनपद्धती; शेवटी मालाची ने-आण आणि साठवण, जनसंपर्क, आणि एक प्रकल्प. संख्याशास्त्र आम्हांला झेपले नाही. पत्रव्यवहाराच्या पुस्तकातील नमुन्याची पत्रे इतकी गुळगुळीत होती की ती कोणा माणसाने माणसाला लिहिली असतील असे वाटेना. लेखाशास्त्राने मात्र आम्हांला जिंकले.

नावे आणि जमा, रोजकीर्द आणि खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही द्विनोंदी पद्धत छापील ग्रंथात प्रथम सविस्तर मांडली ती एका संन्याशाने. लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संघाचा धर्मबंधू, गणिताचा अध्यापक आणि लिओनार्डो दा विंची याचा स्नेही. त्याचा गणितावरील मोठा ग्रंथ १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला आणि त्यातील एका प्रकरणात व्यापाऱ्याने वह्या कशा ठेवाव्यात हे सांगितले आहे. आरंभी देवाचे नाव घालावे, पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करावी, असे तो सांगतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीवर 'श्री' काढतात आणि 'शुभ लाभ' लिहितात, त्याचीच ही दूरची भावंडे. हिशेब लिहिताना कोणीतरी पाहते आहे ही जाणीव दोहोंच्या मुळाशी असावी.

ह्याच लेखाशास्त्रात आमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडले. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूस कधी कधी 'नावलौकिक' अशी एक रक्कम असते. जमीन, यंत्रे, फर्निचर, आणि त्यांच्या शेजारी नावलौकिक! भागीदार निवृत्त झाला की त्याचे मूल्य काढावयाचे: मागील काही वर्षांच्या सरासरी नफ्याची अमुक पट, इतक्या रुपयांचा नावलौकिक. प्रामाणिक वागणुकीची फळे गिऱ्हाइकाच्या परत येण्यात असतात आणि त्या परत येण्याची किंमत रुपयांत सांगता येते, हा विचार आम्हांला आधी हास्यास्पद, मग विलक्षण शहाणपणाचा वाटला. गावातला किराणा दुकानदार वजनात का मारत नाही? कारण उद्या, परवा आणि पुढली वीस वर्षे तेच गिऱ्हाईक त्याच्या उंबऱ्यावर येणार असते.

पण हातखंब्याच्या तिठ्यावर हे उत्तर लागू पडत नाही. बोरिवलीची गाडी गणपतीपुळ्याहून परतताना डझनभर आंबे घेते. साका निघाला तर ते रविवारी दुपारी, जेवणाच्या ताटात, तीनशे-साडेतीनशे किलोमीटर दूर निघेल. शिव्या बसतील त्या कोकणाला. ह्या स्टॉलला नव्हे, कारण स्टॉलचे नाव कोणाला आठवणार? त्या बागायतदाराच्या ताळेबंदात नावलौकिकाची रक्कम शून्य आहे, आणि शून्य असल्यामुळे त्याला गमावण्यासारखे काही नाही.

नेमक्या ह्याच जागी इमॅन्युएल कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये बोट ठेवले होते. त्याचा दुकानदार अजाण मुलालाही जास्त भाव लावीत नाही. कांट विचारतो, हा मनुष्य कर्तव्य म्हणून प्रामाणिक आहे की धंद्याला ते बरे म्हणून? बाहेरून दोघे सारखेच दिसतात. आम्ही सेमिनरीत हा उतारा शिकलो तेव्हा तो पंडिती कीस वाटला होता. दोघांतला फरक पाहावयाचा तर दुकान गावातून उचलून तिठ्यावर नेऊन ठेवावे लागते, हे आता कळले.

दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात फाऊंडेशन कोर्स ह्या नावाखाली नीतिमत्ता आणि सुशासन असा एक विषय होता. तो आम्ही मोठ्या आशेने उघडला. पुस्तक वाईट नव्हते. उद्योगाची बांधिलकी केवळ भागधारकांशी नसून कामगार, ग्राहक, शेजार आणि निसर्ग ह्यांच्याशीही असते, हे त्यात चांगले सांगितले होते. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते, हेही होते. मात्र प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'फायदे' ह्या शीर्षकाखाली मुद्दे येत: नीतीने वागल्यास प्रतिमा उजळते, कर्मचारी टिकतात, ग्राहकांची निष्ठा वाढते. म्हणजे पुन्हा नावलौकिकच. नीतीला आधार शोधताना ग्रंथकार पुन:पुन्हा ताळेबंदाकडेच वळत होता. परीक्षेत पाच फायदे लिहिले की पाच गुण मिळतात, हे आम्हांला समजते. पण ज्या दिवशी फायदा नसेल त्या दिवशी त्या मुलाने काय करावयाचे?

अर्थशास्त्राचे पुस्तक निदान अधिक सरळ होते. पूर्ण स्पर्धेच्या बाजाराची लक्षणे सांगताना त्यात एक गृहीत असे: ग्राहकाला आणि विक्रेत्याला बाजाराची संपूर्ण माहिती असते. ही ओळ आम्ही त्या स्टॉलवर बसून वाचली असती तर मोठ्याने हसलो असतो. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ह्या गृहीताला धक्का दिला. जुन्या मोटारींच्या बाजारात गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा म्हणून सगळ्याच गाड्यांना बेताचा भाव देतो. चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकत नाही. हळूहळू बाजारात खराबच उरतात. ह्या प्रकारच्या विचारासाठी २००१ मध्ये त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. परप्रांतातून आलेला आंबा हापूस म्हणून विकला जातो आणि खऱ्या बागायतदाराचा भाव पडतो, ही आपल्याकडील जुनी तक्रार ह्याच जातीची. २०१८ मध्ये हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, ते ह्या दुखण्यावर औषध आहे. पण मानांकन आंबा कोठला ते सांगते. त्याच्या पोटात काय आहे ते सांगत नाही. साका अस्सल रत्नागिरी हापूसमध्येच निघतो.

राहिला कायदा. पहिल्या वर्षाच्या त्या पुस्तकात आम्ही सर्वांत अधिक दिवस रमलो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते आणि जोडीला खुलासा देते की नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे, बोलणे हे कर्तव्यच असेल तर गोष्ट वेगळी. त्या खाली चार दृष्टान्त आहेत आणि त्यांतील तीन एका घोड्याचे. 'अ' आपला दोषी घोडा लिलावात 'ब'ला विकतो आणि दोषाविषयी चकार शब्द काढत नाही: ही फसवणूक नाही. दुसऱ्या दृष्टान्तात 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे: आता मात्र त्या नात्यामुळे घोड्याचा दोष सांगणे हे 'अ'चे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात 'ब' म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा चांगला आहे असे मी धरून चालेन. 'अ' गप्प राहतो, आणि ते गप्प राहणे बोलण्यासारखेच मानले जाते. चौथा दृष्टान्त दोन व्यापाऱ्यांचा आहे. भाव बदलल्याची खबर एकाला खाजगीत कळली आहे, दुसऱ्याला नाही. सांगण्याचे बंधन नाही.

हा चौथा दृष्टान्त वाचताना आम्ही दचकलो, कारण तो आम्हांला ठाऊक होता. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरो ह्या रोमन वक्त्याने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन ऱ्होड्स बेटावर येतो. बेटावर दुष्काळ आहे, भाव भडकलेले आहेत. मागून धान्याची आणखी गलबते निघाली आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते सांगावे की गप्प बसून चढ्या भावाने विकावे? सिसेरो दोन स्टोइक पंडितांना समोरासमोर उभे करतो. डायोजेनीस म्हणतो, कायद्याने जेवढे सांगावयाचे तेवढे सांगा, खोटे बोलू नका. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, तुम्ही सारे एका मानवकुळाचे. घेणाऱ्याला जे कळणे त्याच्या हिताचे ते तुम्ही स्वतःपाशी कसे ठेवता? सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. एकोणिसाशे वर्षांनंतर आपल्या कायद्याने तो गुरूच्या बाजूने दिला, आणि रत्नागिरीच्या वर्गात तोच शिकविला जात होता. वाद इतका जुना आहे हे मात्र विद्यार्थ्यांना कोणी सांगितले नव्हते.

संत थॉमस अक्विनास ह्यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न हाताळला, आणि त्यांच्याही लिखाणात एक घोडा आहे. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने उतरविली असेल, तर तो बोलून दाखविण्याचे बंधन नाही. दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल तर सांगितलेच पाहिजे. न सांगता केलेली विक्री अन्यायाची. धान्याच्या व्यापाऱ्याबाबत ते सौम्य आहेत: मागची गलबते सांगणे न्यायाने बंधनकारक नाही, सांगितले तर सद्गुण अधिक. ह्या भेदावर आम्ही बराच विचार केला आणि तो आम्हांला पटला. उद्याचा भाव ही जगातील घटना आहे. साका विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या पोटातच आहे. आंब्याचे पैसे घेऊन आंबा न देणे हे अधिक-उणे सद्गुणाचे प्रकरण नव्हे.

कायदाही वस्तुतः तेथे थांबलेला नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात, खरेदीदाराने स्वतः सावध राहावे हा सामान्य नियम असला तरी, त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तू विक्रीयोग्य असली पाहिजे असा अपवाद आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी पुढे पाऊल टाकले, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली. पण डझनातल्या चार आंब्यांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? कायदा जेथे पोहोचू शकतो पण कोणी त्याला नेत नाही, अशा जागा आयुष्यात फार.

आमचे मन राहून राहून त्या दुसऱ्या दृष्टान्ताकडे, नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीकडे जाई. घोडा तोच, दोष तोच, विकणारा तोच. मुलगी असेल तर मौन ही फसवणूक, परका असेल तर मौन हा व्यवहार. कायदे करणाऱ्यांनी नकळत मान्य केले आहे की आपल्या माणसाशी आपण गप्प राहू शकत नाही. त्यांनी फक्त आपले माणूस कोण ह्याची रेघ घराच्या उंबऱ्यावर ओढली. शुभवर्तमानातही एक कायदेपंडितच येशूला विचारतो की शेजारी म्हणावे तरी कोणाला, आणि उत्तरादाखल त्याला जी गोष्ट ऐकावी लागते ती नेमकी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची आहे. ती रेघ कोठे ओढावी हे व्यवस्थापनाच्या सहा सत्रांत कोठे शिकवीत नाहीत. कदाचित ते वर्गात शिकविता येण्यासारखे नसेल. पण वर्गात त्या दृष्टान्तापाशी पाच मिनिटे थांबून, मुलगी आणि परका ह्यांत हा भेद का, असे विचारता येईल. त्यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तक नको.

जूनच्या आरंभी आम्ही पुस्तके परत केली. तिठ्यावरचा स्टॉल निघाला होता. आम्ही त्याच्या घरी, पडवीत बसलो. सिसेरो, अक्विनास, ती मुलगी, सारे सांगितले. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "फादर, तुम्ही गेल्यावर मी एक सकाळ सांगून पाहिलं. ह्या खेपेत साका निघतोय, म्हणून डझनाला दोन फळं वर घेऊन जा, असं. दोन गाड्या निघून गेल्या. पुढच्या स्टॉलवर थांबल्या, तिथंही आमच्याच शेजारच्या बागेतला माल होता. एक आजोबा हसले आणि तीन डझन घेऊन गेले."

"आणि बाबा?"

"बाबा रागावले नाहीत. म्हणाले, तू बसलेला असशील तेव्हा सांग. मी बसलो असताना नको."

मग त्याने जे सांगितले त्याला आमच्या ग्रंथांत उत्तर नव्हते. वडिलांनी त्या वर्षी स्वतःच्या कलमांखेरीज आणखी दोन बागा कराराने घेतल्या होत्या आणि त्यासाठी वाशीच्या दलालाकडून उचल घेतली होती. पेटी वाशीला गेली की तेथे ती कितीला फुटली हे हिशेबपट्टी येईपर्यंत कळत नाही, आणि पट्टीवर असेल तेच खरे मानावे लागते. "म्हणजे वर आमच्याशी कोणी बोलत नाही," तो म्हणाला, "आणि खाली आम्हीच तेवढं बोलायचं. सांगायला हवं हे मला पटतं, फादर. पण त्याचे पैसे बाबांच्या खिशातून जातात, माझ्या नाही."

खरे बोलण्याची किंमत क्वचितच बोलणारा एकटा भरतो, हे तोपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. धर्मगुरूला कुटुंब नसते. आमच्या प्रामाणिकपणाचे बिल कोणा मुलाबाळांच्या नावे फाटत नाही. हे त्याला बोलून दाखविताना आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली आणि तीही आम्ही सांगून टाकली. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाची जुनी जीप विकावयाची होती. ती ऑइल खात होती. चढावर धूर ओकत असे. घेणाऱ्याने एक फेरी मारली, ती सपाटीवर. त्याने इंजिनाविषयी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. मिळालेल्या रकमेतून शाळेच्या मुलांसाठी बाके आली. पैसे आपल्यासाठी नव्हेत ह्या विचाराने आम्ही त्या दिवशी शांत झोपलो होतो. घोड्याचा दृष्टान्त वाचीपर्यंत आम्हांला त्यात काही विशेष वाटलेही नव्हते.

"मग तुम्ही त्यांचे पैसे परत केलेत का?" त्याने विचारले. कुत्सितपणे नव्हे, हिशेबातली राहिलेली नोंद विचारावी तसे.

केले नव्हते. त्या पावसाळ्यानंतर थोडी रक्कम बाजूला काढून आम्ही लांज्याकडील एका वाडीत त्या गृहस्थांचे घर शोधीत गेलो. त्यांनी ओळखले, खुर्ची दिली, कोकमाचे सरबत आणविले. आम्ही जीपचा विषय काढला तेव्हा त्यांना थोडे आठवावे लागले. इंजिनाला खर्च आला होता खरा, असे ते म्हणाले. पण ती गाडी त्यांनी केव्हाच दुसऱ्याला देऊन टाकली होती. आम्ही पाकीट पुढे केले, त्यांनी ते हसून परत सारले, आणि आम्ही पुन्हा पुढे केले. ते तेथेच टेबलावर राहिले.

"ज्याला दिलीत," आम्ही निघताना विचारले, "त्याला इंजिनाचं सांगितलं होतंत का?"

"छे," ते म्हणाले, "त्यानं विचारलंच नाही, फादर."